अ‍ॅलिस इन चेन्सचा 'डर्ट' - यातला राग नक्की कोणावर आहे?

जुना_वॉकमन

परवा रात्री बऱ्याच वर्षांनी 'डर्ट' अख्खा ऐकला, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, मोबाईल बाजूला ठेवून, दिवा बंद करून. साधारण ५७ मिनिटांचा अल्बम आहे. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये आणि घरात कोणाशी बोलावं असं नाही म्हणून इथे धागा काढतोय. मोठा होईल, सांभाळून घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अ‍ॅलिस इन चेन्स हा अमेरिकेतल्या सिएटलचा रॉक बँड, निर्वाणा, पर्ल जॅम, साऊंडगार्डन यांच्याच गावचा आणि त्याच काळातला. 'डर्ट' सप्टेंबर १९९२ मधे आला. लेन स्टेली गायक, जेरी कँट्रेल गिटार आणि दुसरा आवाज, माईक स्टार बेस, शॉन किनी ड्रम्स. या चौघांतले दोघं आज नाहीत. लेन ५ एप्रिल २००२ ला गेला, ३४ वर्षांचा होता, आणि घरात तो गेलाय हे बाहेर कळायला दोन आठवडे लागले. माईक २०११ मधे गेला. दोघांनाही ड्रग्सनी नेलं. आणि अल्बमचा अर्धा भाग त्याच विषयावर आहे, म्हणजे माणूस स्वतःचं काय होणार हे दहा वर्षं आधी गाऊन ठेवतो आणि ते आपण हेडफोन लावून ऐकतो, हे मला अजून झेपत नाही.

ही कॅसेट मला माझ्या आतेभावाने दिली होती १९९५ मधे, मी नववीत होतो. दादा आमच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा, मुंबईत नोकरी, डोंबिवलीला आमच्याकडे यायचा तेव्हा खिशात दोन-तीन कॅसेट असायच्याच. पहिलं गाणं सुरू झालं की लेन शब्दाआधीच ओरडतो, नुसता 'आ' असा, कोणीतरी पाठीत काहीतरी खुपसल्यासारखा, आणि त्या ओरडण्याबरोबरच गिटार कोसळते. आई स्वयंपाकघरातून धावत आली होती. मला तेव्हा त्यातलं काहीच कळलं नव्हतं, फक्त मजा वाटली होती की एवढा राग कोणी एवढ्या जोरात काढू शकतं आणि त्याची कॅसेटसुद्धा निघते.

दादा पुढे दारूत गेला. खूप तपशील देत नाही. २००९ मधे लिव्हरने गेला. शेवटची दोन वर्षं मी त्याच्याशी बोलत नव्हतो. दवाखान्यात होता तेव्हाही गेलो नाही, कारण माझ्या डोक्यात एकच होतं की याने आत्याचं वाटोळं केलं आणि याला त्याचं काहीच वाटत नाही, उलट आम्हालाच चार शब्द सुनावतो, मी बघून घेईन, तुम्हाला काय कळतंय, माझं मी निवडलंय. मला त्याच्या तोंडून एकदा 'चुकलो' ऐकायचं होतं. ते कधी आलं नाही.

आता अल्बमकडे येतो. मधली पाच गाणी आहेत, 'जंकहेड', 'डर्ट', 'गॉड स्मॅक', 'हेट टू फील', 'अँग्री चेअर', ही साधारण एक गोष्ट सांगतात असं कँट्रेलने नंतर स्वतः म्हटलंय. सुरुवातीला तो माणूस चक्क फुशारकी मारतो. माझी निवड आहे, तुमच्यापेक्षा माझं बरं चाललंय, तुम्ही कोण मला सांगणार. मग हळूहळू ती फुशारकी फाटत जाते आणि 'अँग्री चेअर'ला पोचेपर्यंत तो खोलीत एकटा बसलाय आणि सगळा राग उलटून त्याच्याच अंगावर आलाय. ('अँग्री चेअर' शब्द आणि संगीत दोन्ही लेनचंच आहे.) परवा ऐकताना मला अचानक लक्षात आलं की हा तर दादाच बोलतोय. तोच सूर. मी ज्याला माज समजत होतो तो माज नव्हता, किंवा होता पण त्याच्या खाली दुसरं काहीतरी होतं आणि ते बाहेर यायला त्याच्याकडे दुसरा रस्ता नव्हता. पश्चात्ताप हा हात जोडूनच येतो असं मी धरून चाललो होतो. इथे तो शिव्या देत येतो.

दुसरी गोष्ट, आणि याचसाठी खरं म्हणजे धागा काढला. या बँडमधे लेन जवळपास कधीच एकटा गात नाही. त्याच्या सोबत कँट्रेलचा आवाज असतो, आणि तो आपल्याकडे कोरस म्हणतात तसा मागे नसतो, अगदी खांद्याला खांदा लावून, थोडा वरचा किंवा थोडा खालचा सूर धरून, गोड अजिबात नाही, घासणारा. लेन खाली चाललाय आणि हा दुसरा त्याला वर ओढत नाही, उपदेश करत नाही, फक्त सोडत नाही. 'डाऊन इन अ होल' ऐका म्हणजे कळेल. मी परवा ते गाणं चालू असताना उठून बसलो. दादाच्या बाजूला असा दुसरा आवाज कोणाचाच नव्हता. माझा असू शकला असता.

तुम्ही हा अल्बम कधी, कसा ऐकलात? आणि तुम्हाला यातला राग कोणावर वाटतो?

सात_मात्रा

धागा वाचून लगेच अल्बम लावला. मी तबला शिकलेला माणूस, रॉक फार उशिरा ऐकायला लागलो, त्यामुळे माझं ऐकणं वेगळ्या बाजूने आहे.

ते पहिलं गाणं, 'देम बोन्स', त्यात कडव्याला सात मात्रा आहेत! पहिल्यांदा ऐकताना मला काहीतरी टोचत होतं, समेवर टाळी द्यायला जावं तर गाणं आधीच पुढे गेलेलं. मोजलं तर सात. आपला रूपक ताल सातचाच पण रूपकात एक डौल असतो, तीन-दोन-दोन, झुलत जातो. इथे चार आणि तीन असं पडतं आणि आठवी मात्रा कोणीतरी कुऱ्हाडीने तोडून टाकल्यासारखी वाटते. आणि मग ध्रुवपदात सरळ चारचा ठेका येतो तेव्हा पहिल्यांदा श्वास घेता येतो. राग शब्दात असतो हे खरंच पण या गाण्यात तो हिशोबातच आहे, तुम्हाला पाय टेकूच देत नाही. गिटारची ओळ पण अर्ध्या अर्ध्या सुराने वर चढते, कुठल्या एका स्वरावर थांबून बरं वाटेल अशी सोयच नाही.

शॉन किनीबद्दल फार कोणी बोलत नाही म्हणून सांगतो, 'रूस्टर'च्या सुरुवातीला तो किती कमी वाजवतो ते ऐका. एवढा दम असलेला माणूस एवढा वेळ हात आवरतो.

मुग्धा_सातारा

मी या संगीतातली नाही, आधीच सांगते. पण माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे आणि दार लावून असंच काहीतरी ऐकतो आणि मला भीती वाटते. तुमचा धागा वाचून ती कमी झाली नाही, वाढली. दादांबद्दल वाचून वाईट वाटलं, खरंच. पण मला एक सांगा, जो माणूस स्वतः त्यातून बाहेर आला नाही त्याचा राग आपल्या पोरांनी तासन् तास कानात का ओतून घ्यायचा? राग ऐकून राग वाढणार नाही का? मी भांडायला विचारत नाहीये, मला खरंच कळत नाही.

रंगभवन_पाचवी_रांग

मुग्धाताई तुमचा प्रश्न योग्य आहे आणि त्याचं अर्धं उत्तर आमच्याच पिढीने चुकीचं दिलंय.

आम्ही मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनला आय-रॉकला जायचो, म्हणजे इंडिपेंडन्स रॉक हा रॉक बँडचा महोत्सव, १९८६ पासून व्हायचा, दरवर्षी पावसाळ्यात, उघडं नाट्यगृह, वरून पाऊस आणि खाली आम्ही ओले चिंब. इथले बँड बाहेरची गाणी वाजवायचे आणि आम्ही घसा फाटेपर्यंत ओरडायचो. (ती जागा शांतता क्षेत्रात येते म्हणून नंतर तिथले कार्यक्रम बंद झाले, अजून त्या रस्त्याने जाताना मान वळते.) पण शब्द? शब्द कोणाला येत होते. 'जंकहेड' आमच्यासाठी नुसतं डोकं हलवायचं गाणं होतं. आमच्यातले दोघं-तिघं तर ते नशेचं कौतुक आहे असंच समजायचे.

आणि हेच लेनला खात होतं. १९९६ मधे रोलिंग स्टोनच्या मुलाखतीत तो बोललाय की चाहते येऊन त्याला सांगतात आम्ही नशेत आहोत, कौतुकाने अंगठा दाखवतात, आणि त्याला नेमकं हेच व्हायला नको होतं. म्हणजे त्याने खड्डा दाखवला आणि लोकांनी त्याला स्विमिंग पूल समजलं. म्हणून मुलगा हे ऐकतोय यापेक्षा तो ते कसं ऐकतोय हे विचारा. शब्द समजून ऐकत असेल तर तो अल्बम स्वतःच फार कडक बाप आहे.

कोथरूड_अनप्लग्ड

मुग्धाताई, राग वाढतो का यावर ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात अभ्यास झालाय, २०१५ चा. असं संगीत ऐकणारे ३९ जण घेतले, आधी त्यांना राग येईल अशा गोष्टींवर बोलायला लावलं, मग काहींना दहा मिनिटं त्यांच्या आवडीचं कर्कश संगीत आणि काहींना दहा मिनिटं शांतता. संगीत ऐकणारे भडकले नाहीत, दोन्हीकडे चिडचिड उतरलीच आणि संगीतवाल्यांना वरून थोडी उमेद आल्यासारखं वाटलं. ३९ म्हणजे फार नाहीत आणि सगळे आधीपासून तेच ऐकणारे होते, त्यामुळे ज्याला आवडत नाही त्याला बळेच ऐकवलं तर काय होईल ते यातून कळत नाही. पण 'ऐकलं की भडकतो' एवढं सरळ नाहीये ते.

अल्बमबद्दल माझं थोडं वेगळं मत. मला 'डर्ट'पेक्षा त्यांचं एमटीव्ही अनप्लग्ड (टीव्हीवरचा साध्या, बिनविजेच्या वाद्यांचा कार्यक्रम) जास्त लागतं. एप्रिल १९९६, ब्रुकलिन. त्याआधी जवळजवळ अडीच वर्षं त्यांचा पूर्ण कार्यक्रम झाला नव्हता. व्हिडिओ बघा, लेन किती वाळलाय, काळा चष्मा, हलत पण नाही फारसा, आणि आवाज मात्र शाबूत. तीच 'डर्ट'मधली गाणी, फक्त वरचा सगळा गोंगाट काढून टाकलाय. 'डाऊन इन अ होल' तिथे ऐकलं की कळतं की ते मुळात प्रेमाचं गाणं आहे, कँट्रेलने त्या वेळच्या मैत्रिणीसाठी लिहिलेलं.

जुना_वॉकमन

@कोथरूड_अनप्लग्ड, अनप्लग्ड मी रडल्याशिवाय पूर्ण बघू शकत नाही, पण माझ्यासाठी 'डर्ट'चा आवाजच महत्त्वाचा आहे. अनप्लग्डमधे माणूस थकलाय, त्याच्यावर दया करणं सोपं जातं. 'डर्ट'मधे तो अजून भांडतोय, दया करू देत नाही. दादावर मला तो गेल्यानंतर दया आली, त्याला काय अर्थ. तो भांडत होता तेव्हा यायला हवी होती.

बेलव्ह्यूकर

सिएटलच्या बाजूलाच राहतो, अकरा वर्षं झाली, ऑफिसमधे निम्मे मराठी. इथला नोव्हेंबर ते मार्च अनुभवल्याशिवाय या अल्बमचा रंग कळत नाही असं माझं मत आहे, चार वाजता अंधार, पाऊस म्हणजे आपला धो धो नाही, नुसती दिवसेंदिवस ओल. आपल्या पावसाला राग असतो, याला तोही नाही.

गंमत म्हणजे अल्बमचा बराचसा भाग इथे रेकॉर्ड झालाच नाही. लॉस एंजेलिसला झाला, आणि काम सुरू होताहोताच २९ एप्रिल १९९२ ला रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण करणाऱ्या पोलिसांच्या खटल्याचा निकाल आला, पोलीस सुटले आणि शहर पेटलं. कँट्रेल बिअर आणायला दुकानात गेलेला आणि तिथेच लोक लुटायला घुसले. मग बँड सगळं टाकून काही दिवस वाळवंटात जोशुआ ट्रीला जाऊन राहिला, बरोबर स्लेअर या मेटल बँडचा टॉम अराया, 'आयर्न ग्लँड' या छोट्याशा तुकड्यात किंचाळणारा तोच. मला नेहमी वाटतं की त्या शहराचा धूर टेपवर थोडा बसलाय.

आणि जाता जाता, 'वुड?' हे शेवटचं गाणं अँड्र्यू वूडसाठी आहे, मदर लव्ह बोनचा गायक, इथलाच, १९९० मधे हेरॉइनने गेला. म्हणजे एका गेलेल्या मित्रासाठी गाणं लिहिलं आणि ज्याने गायलं तो बारा वर्षांनी तसाच गेला. लेन गेल्यावर सिएटल सेंटरच्या मोठ्या कारंज्यापाशी लोक मेणबत्त्या घेऊन जमले होते. २०१९ पासून २२ ऑगस्ट, त्याचा वाढदिवस, इथे लेन स्टेली दिवस म्हणून जाहीर झालाय. त्या कारंज्यापाशी मी मुलीला खेळायला नेतो. ती पाण्यात धावते आणि मला दर वेळी ते आठवतं.

नाव_नको

नेहमीच्या आयडीने लिहीत नाहीये, समजून घ्या.

माझा धाकटा भाऊ गर्दवर होता. ऐंशीच्या दशकातल्या लोकांना हा शब्द सांगायला नको, ब्राऊन शुगर, म्हणजे शेवटी तेच हेरॉइन, फक्त भेसळीचं आणि स्वस्त. तुम्ही लोक गिटार आणि मात्रांबद्दल बोलताय, मला 'गॉड स्मॅक' या गाण्यात ('स्मॅक' म्हणजे हेरॉइनच) आमच्या संडासाची कडी दिसते, आतून लावलेली, आणि बाहेर आई.

जुना_वॉकमन, तुमचं ते फुशारकीचं वाचून अंगावर काटा आला. अगदी तसंच. भाऊ म्हणायचा मी ठरवलं तर उद्या सोडीन. आणि आम्ही चिडायचो की मग सोड ना. आम्ही त्याला पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात नेलं, अवचट दांपत्याने १९८६ मधे सुरू केलं, पुलं आणि सुनीताबाईंनी मदत केली होती ते. तिथे घरच्यांनाही बसवून बोलतात. तिथे पहिल्यांदा कोणीतरी आम्हाला सांगितलं की हा आजार आहे, त्याचा राग हा आजाराचा भाग आहे आणि तुमचा राग पण खरा आहे, दोन्ही एका खोलीत असू शकतात. हे वाक्य मला तेव्हा औषधासारखं लागलं.

भाऊ आहे. ठीक आहे. दोनदा घसरला, परत उभा राहिला, आता बरीच वर्षं झाली. तो हा अल्बम ऐकत नाही. मी ऐकते. मी त्याच्यावर जे कधी ओरडले नाही ते सगळं या अल्बममधे ओरडून झालंय. म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की यातला राग लेनचा असेल पण ऐकताना तो माझा असतो.

आणि एक. दवाखान्यात गेला नाहीत म्हणता. मीही एकदा सहा महिने भावाचा फोन घेतला नव्हता. माझा जगला म्हणून मला दुसरी संधी मिळाली, एवढाच फरक.

फिरती_चकती

नाव_नको, तुम्ही लिहिलंत यासाठी मनापासून आभार.

मला क्रमाबद्दल विचारायचंय. माझ्या सीडीवर 'डाऊन इन अ होल' चौथं आहे आणि मोबाईलवर शेवटून दुसरं येतं. चौथं आलं तर गोष्ट सुरू व्हायच्या आधीच माणूस खड्ड्यात आहे. शेवटून दुसरं आलं तर 'अँग्री चेअर'च्या लगेच नंतर येतं, म्हणजे राग संपल्यावर जे उरतं ते. बरोबर कोणतं?

रंगभवन_पाचवी_रांग

दोन्ही क्रमांच्या आवृत्त्या निघाल्यात. पण मला विचाराल तर शेवटून दुसरंच. 'अँग्री चेअर' संपल्यावर लगेच ती स्वच्छ गिटार येते ना, तेव्हा कान इतके थकलेले असतात की तो हळू आवाजच जास्त मोठा वाटतो. आणि त्यानंतर 'वुड?'चा बेस. माईक स्टारने दुसरं काही वाजवलं नसतं तरी त्या चार सुरांसाठी मी त्याला लक्षात ठेवलं असतं.

सात_मात्रा

+१. आणि 'डर्ट' या गाण्याची मुख्य ओळ ऐका, त्यात षड्जाला चिकटलेला कोमल रिषभ ऐकू येतो मला. शास्त्रीय संगीतातला राग वगैरे काही नाही तो, उगाच ओढूनताणून नाव देत नाही, पण तो कोमल रे जिथे लागतो तिथे पोटात कालवतं, आणि हे आपल्या कानांना लहानपणापासून माहीत आहे.

मुग्धा_सातारा

परत आले. तुम्ही सगळ्यांनी इतकं नीट सांगितलंत म्हणून काल मुलाला म्हटलं तू ऐकतोस त्यातलं मला एक ऐकव, तुझ्या मनाने निवड. त्याच्याकडे 'डर्ट' होताच! त्याने 'रूस्टर' लावलं आणि आधी सांगितलं की हे गिटारवाल्याने वडिलांवर लिहिलंय, ते व्हिएतनामच्या युद्धात होते आणि घरी कधी त्याबद्दल बोलायचे नाहीत, रूस्टर हे त्यांचं टोपणनाव. व्हिडिओत स्वतः वडीलच आहेत, ते पण दाखवलं.

माझे सासरे १९७१ च्या लढाईत होते. आमच्याकडे साताऱ्यात दर दोन घरं सोडून एक फौजी असतो, त्यात नवल नाही. पण ते कधीच बोलले नाहीत. जेवताना भांडं पडलं की ताडकन उठायचे आणि मग सगळ्यांवर ओरडायचे, आणि आम्ही म्हणायचो स्वभावच तापट आहे. गाणं सुरुवातीला इतकं हळू चालतं की मला वाटलं यात राग कुठे आहे, आणि मग ते फुटतं तेव्हा मला पडलेलं भांडंच आठवलं.

ह्यांना हाक मारली. तेही आले. पूर्ण गाणं उभ्याउभ्या ऐकलं आणि काही न बोलता अंगणात गेले, थोड्या वेळाने आत येऊन मुलाला म्हणाले, परत लाव.

मला अजून हे संगीत आवडतं असं म्हणणार नाही. डोकं दुखलं. पण मुलाने दार उघडं ठेवलंय कालपासून.

कोथरूड_अनप्लग्ड

मुग्धाताई, मुलाला सांगा की कँट्रेल हे गाणं लिहीत होता तेव्हा साऊंडगार्डनच्या ख्रिस कॉर्नेलच्या घरी राहत होता. त्याला आवडेल.

जुना_वॉकमन

सगळ्यांचे आभार. नाव_नको, तुमची पोस्ट मी तीन-चारदा वाचली, उत्तर लिहायला बसलो की जमत नव्हतं. दोन्ही राग एका खोलीत असू शकतात, हे मला कोणी २००७ मधे सांगायला हवं होतं.

आज आत्याकडे गेलो होतो. ती आता एकटी असते. तिला अल्बमबद्दल काही सांगितलं नाही, काय सांगणार, फक्त म्हटलं दादाच्या कॅसेट आहेत का अजून. तिने पलंगाखालून बुटांचा खोका काढला. बारा-तेरा होत्या, बऱ्याचशांवर बुरशी आलीये. प्रत्येकीच्या पुठ्ठ्यावर त्याच्या अक्षरात विकत घेतल्याची तारीख. एका कोऱ्या कॅसेटवर माझं नाव होतं. बाजू अ, बाजू ब, गाण्यांची यादी अर्धीच लिहिलेली, कधीतरी माझ्यासाठी भरायला घेतली असणार. यादीत चौथं 'रूस्टर' आहे.

बुरशी आलेली कॅसेट स्वच्छ करून देणारं डोंबिवली-ठाणे-दादर पट्ट्यात कोणी माहीत असेल तर इथेच लिहा. रीळ तुटलेलं नाहीये, मी पेन घालून हळूच फिरवून बघितलं, सगळं नीट फिरतंय.